दोरीवरचा कुडता

कुमुदच्या अंगणात दोरीवर रोज सकाळी एक पांढरा कुडता वाळत असे. निळीत बुडवलेला, उलटा केलेला, खालच्या कडेला दोन चिमटे लावलेला. तो कुडता कुणी घातलेला नसे.

आता हा कुडता कुणाचा? उमेंद भैयांचा.

उमेंद भैया कोण? तेव्हा कुणीच नव्हते. म्हणजे होते, पण दुसरीकडचे. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि काही वर्षांनी मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. त्या आखणीत उमेंद भैयांची गावाकडची सीट गेली. अर्धी गावं एका बाजूला, अर्धी दुसऱ्या. पक्षाने त्यांना उचलून शहरात आणलं आणि पुरानी बस्तीच्या गल्ल्या दाखवून सांगितलं, इथून लढा. दुसऱ्याच दिवशी भिंतींवर विरोधकांनी गेरूने लिहिलं : बाहरी भगाओ.

म्हणून नरेश कुमुदकडे आला.

नरेश हा कुमुदच्या नवऱ्याच्या मित्राचा मुलगा. नरहरी आणि नरेशचे वडील रेल्वेच्या एकाच ऑफिसात, मूळ वर्धेकडचे, जेवणाचे डबे एकत्र उघडणारे. दोघंही आता नव्हते. नरेश उमेंद भैयांच्या मागे फाइल घेऊन फिरत असे, दोन मोबाइल बाळगत असे आणि कुमुदला काकू म्हणत असे.

"कायद्यानं काही लागत नाही, काकू," तो म्हणाला. "राज्यातल्या कोणत्याबी मतदार यादीत नाव असलं की कुठूनबी उभं राहता येते. पण लोक काय कायदा वाचून मत देते? लोक विचारते, घर कुठं हाय."

"मंग घ्या म्हणा एखादं घर."

"नवं घेतलं तं नवंच दिसन ना. मले जुनं पाहिजे, पाऱ्यातलं, या गल्लीतलं. तुमची समोरची खोली द्या फक्त. पाटी लावतो, कुलूप लावतो. निवडणूक झाली की पाटी काढून नेतो."

"अन् राहीन कोण?"

"कोणी नाही."

कुमुद हसली. "पाटी अन् कुलूप पाहून कोण म्हणन रे, इथं माणूस राहते म्हणून? त्याले गोदाम म्हणते."

इथेच तिचं चुकलं. पण तिला अर्धवट काम पाहवत नसे, त्याला ती काय करणार? पोळीला एका बाजूने तूप लावलेलं तिला चालत नसे. माणूस घरात राहतो म्हणजे काय होतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं आणि नरेशला नव्हतं. तिने ते त्याला शिकवलं. दाराशी चपला पाहिजेत, त्याही थोड्या झिजलेल्या. खिडकीत दाढीचा कप. संध्याकाळी खोलीतला दिवा लागला पाहिजे; त्याचं बटण बाहेर पडवीत घे. आणि दोरीवर कपडे. ज्याचे कपडे वाळत नाहीत, तो माणूस तिथे राहत नाही, हे कुणालाही न शिकवता कळतं.

नरेशने सहा पांढरे कुडते आणून दिले. भाडंही देऊ केलं. ती म्हणाली, "घरच्या पोट्ट्याकडून भाडं घेऊ काय मी? ठेव ते." म्हणजे पावती नाही, करार नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, "पट्ट्याचं तेवढं पाय."

पट्ट्याचं असं होतं. घर सासऱ्यांनी बांधलेलं, पण खालची जमीन सरकारी. त्या जमिनीचा पट्टा, म्हणजे भाडेपट्टा, सासऱ्यांच्या नावावर होता आणि त्याची मुदत कधीच संपली होती. नवा पट्टा ज्याला द्यायचा त्याच्याबद्दल साहेब लोक एकच गोष्ट बघतात, असं नरहरी नेहमी सांगत : घरात राहतं कोण. नरहरी त्या खेपा घालता घालता गेले. कुमुदला पैसा नको होता, मान नको होता. या घरातून आपल्याला कुणी उठवू नये, एवढंच तिला हवं होतं.

"ते झालंच समजा, काकू," नरेश म्हणाला.

*

पारा म्हणजे गल्लीही आणि गल्लीतली माणसंही. त्या वर्षीचा पारा असा बोलत असे :

— काकू, कुडत्यानं जेवण केलं काय आज? (हा मारोती. टपालखात्यातून निवृत्त. समोरच्या ओट्यावर बसून पेपर वाचतो.)

— केलं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

— अन् मतदान कोण करन? कुडता का पायजमा?

— दीदी, भैया त इहें रहिथे ना? (ही मीराबाई. शेजारीण. छत्तीसगढी. तिला सगळं माहीत आहे आणि ती तोंडावर पदर धरून हसते आहे.)

— इथंच राहतात हो. आत्ता झोपलेत. हळू बोल.

— हव, हव. लइका रिहिस तब ले इहें हे.

लहान होते तेव्हापासून इथेच आहेत, असं मीराबाई म्हणाली, आणि सगळा पारा खो खो हसला. कुमुदही हसली. हसता हसता तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

*

उमेंद भैया निवडून आले. पाटी निघाली नाही. आधी तिच्यावर नुसतं नाव होतं, आता नावाखाली पितळी अक्षरांत 'विधायक' आलं. कुलूप मोठं आलं. चावी नरेशकडे.

"काढतो ना काकू, काहून घाई करता? फॉर्म भरायच्या आधीच त्यांचं मतदार यादीतलं नाव बी याच पत्त्यावर आणलं. लगेच काढलं तं लोक म्हणन, काम झालं अन् पळाला."

भैया राहत होते सरकारी बंगल्यात, हिरवळीवर पाणी मारणारा माळी असलेल्या. या खोलीत ते मोजून दोन-तीनदा आले. दाराशी फोटो काढले, आत गेले, पंखा सुरू केला, चहा घेतला आणि गेले. कपबशी कुमुदने विसळली.

पण कुडता चालू राहिला. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. एकदा सुरू केलेलं काम मध्येच सोडलं की पारा विचारणार, भैया कुठे गेले? मग त्याचं उत्तर तिलाच द्यावं लागणार. शिवाय पट्ट्याची फाइल वर गेली होती. वर म्हणजे भैयांच्या टेबलावर. म्हणून ती रोज एक कोरा कुडता बादलीत घाली. तो घातलेला नसे, मळलेला नसे, घामाचा वास नसे. नुसती धूळ आणि साबण. धुऊन धुऊन एकाचा खिसा उसवला, तो तिने आतून बारीक टाके घालून शिवला.

सकाळी दार उघडलं की पायरीवर माणसं बसलेली. नळाला पाणी नाही. पोराला नोकरी नाही. बीरगांवच्या कारखान्यात बोट गेलं, साहेब भरपाई देत नाही. ती ऐकून घेई आणि 'सांगते' म्हणे. नरेशला सांगेही. कधी काम होई, कधी नाही. झालं की लोक नारळ आणून बंद खोलीच्या दारासमोर फोडत आणि पाणी तिच्या रांगोळीवर सांडत.

एकदा अभनपूरकडची एक नवी बाई आली. पायरीवर टेकली, पदराने वारा घेतला आणि सहज विचारलं :

"आप भैयाजी के यहाँ कब से काम कर रही हैं?"

कुमुद वळली. आत गेली आणि गॅस लावायचा म्हणून काडी ओढली, ती बोटापर्यंत जळत आली तरी हातातच.

*

मग स्वरदाचं बाळंतपण आलं.

स्वरदा ही एकुलती एक मुलगी, नागपूरला नोकरीत. सातव्या महिन्यात पाय सुजले, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. कुमुदने दोन लुगडी, डिंकाचं सामान आणि खसखस पिशवीत भरली आणि घराची चावी नरेशच्या बायकोकडे, रमाकडे दिली. रमा गुणी पोरगी. दर वर्षी महालक्ष्म्यांना मुखवटे आणायला कुमुद तिलाच बोलावी. आपण विधवा, हाताशी सवाष्ण हवी.

"अन् कुडता?" रमाने विचारलं.

"तो काय... राहू दे."

"नाई काकू, मी टाकन ना. सांगा कसा टाकायचा ते."

कुमुदने सांगितलं. उलटा कर. वरून धरू नको, खांदे ताणतात. खालच्या कडेला चिमटे.

बाळंतपण झालं, नात झाली, मग नातीला कावीळ, मग स्वरदाची रजा संपली, मग पाळणाघर मिळेना. उन्हाळा गेला. पावसाळा निम्मा गेला.

"आई, तू यहीं रह जा ना," स्वरदा म्हणे. ती मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत देई, लहानपणापासून. "वहाँ अकेली क्या करती है?"

"तिथं माझं घर आहे."

"यहाँ भी तो घर है."

महालक्ष्म्या जवळ आल्या तेव्हा कुमुद उठली. महालक्ष्म्या दुसरीकडे बसवत नाहीत. जिथे सासू बसवत होती तिथेच.

*

परतली तेव्हा दुपार होती. दोरीवर कुडता होता. उलटा, खालच्या कडेला चिमटे. अगदी तिने टाकावा तसा. ती रिक्षातून उतरून त्या कुडत्याकडे बघत राहिली, आणि क्षणभर तिला वाटलं की आपण आत आहोत, आपणच आत्ता हा वाळत घालून आत गेलो आहोत.

मीराबाई दारात आली. खरंच आनंदली. हात धरला.

"आ गई दीदी? कितने दिन रुकोगी?"

किती दिवस राहणार.

"मी... मी आले आता, मीराबाई."

"हव, हव. आराम से रुको."

आतल्या खोलीत भिंतीवर एक चौकोन उरलेल्या भिंतीपेक्षा उजळ दिसत होता. तिथे सासऱ्यांचा फोटो असायचा, काळी टोपी, गार्डचा कोट. तिने नरेशला फोन केला.

"फ्रेमले वाळवी लागली होती काकू, दुरुस्तीले दिला."

"मले न विचारता?"

"तुमी नव्हत्या ना इथं."

तसा तो खोटं बोलला नव्हता. ती नव्हती.

*

पारा, पावसाळ्यात :

— भैयाजींची गाडी काल आली होती वाटते.

— रोज येते. सकाळी लवकर जातात म्हणून दिसत नाहीत.

— माझ्या लग्नाच्या वेळी इथंच खेळत होते, गंजिफ्रॉकवर.

— पतंग उडवायचे. माझ्या कौलावरून गेलेले. एक कौल फुटलं बी होतं.

— मारोती भाऊ, तुमाले आठवते?

मारोतीने पेपर थोडा खाली घेतला. त्याच्या पोराला नुकतंच मंत्रालयात रोजंदारीचं काम लागलं होतं.

— हव, तो म्हणाला, आणि पेपर वर केला.

या वेळी कुणी हसलं नाही.

*

महालक्ष्म्या घरात आणताना त्यांना सगळं घर दाखवतात. दारातून हळदीकुंकवाची पावलं काढायची, प्रत्येक खोलीपर्यंत न्यायची. सवाष्णीच्या हातात मुखवटे, मागून कुणी ताट वाजवतं, आणि घरची बाई सांगत जाते : ही माजघराची खोली, ही चूल, हे धान्य, इथे लेकरं निजतात. देवीने बघून घ्यायचं, कुठे राहायचंय ते. एक खोली जरी राहिली तरी सासूला रुखरुख लागत असे.

मागच्या वर्षापर्यंत नरेश त्या दिवशी समोरच्या खोलीची चावी देत असे. या वर्षी फोन उचलत नव्हता.

कुमुदने तरीही पावलं काढली. एक ओळ स्वयंपाकघराकडे, एक आतल्या खोलीकडे, आणि एक बंद दाराशी नेऊन थांबवली. शेवटचं पाऊल उंबरठ्यापाशी अर्धंच आलं.

संध्याकाळी पाऱ्यातल्या बाया जमल्या. रमाने मुखवटे उचलले, मीराबाईने ताट वाजवलं.

"कोण आलं?" कुमुदने विचारलं, दर वर्षी विचारत असे तसं.

"महालक्ष्मी आली."

"काय घेऊन आली?"

"धनधान्य, लेकीबाळी, सुखसमाधान."

ही चूल. हे धान्य. ही लेकीची खोली, लेक नागपूरला आहे, तिच्याकडेही बघ. असं करत करत सगळ्या समोरच्या खोलीशी आल्या. कुमुद म्हणणार होती, ही बसायची खोली, बाई, आज बंद आहे, रागावू नको. तिने म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात रमाने पुढे होऊन कोपराने दारावर टकटक केलं. रिकाम्या खोलीवर कुणी टकटक करत नाही.

दार आतून उघडलं.

उमेंद भैया उभे होते. अनवाणी, केस ओले, कपाळाला गंध. अंगात पांढरा कुडता. कुमुदने खिशाकडे बघितलं. बारीक टाके.

"आइए, आइए," ते म्हणाले, मऊ आवाजात, हात जोडून. "माता को अंदर लाइए. घर तो यही है."

खोलीत पलंग होता, अंथरलेला. उशीला खड्डा पडलेला. कपाटात कपडे. आणि समोरच्या भिंतीवर सासऱ्यांचा फोटो, नव्या सोनेरी चौकटीत, चंदनाचा हार घातलेला. एक कॅमेरावाला कोपऱ्यात उभा होता. नरेशही होता; तो छताच्या पंख्याकडे बघत होता.

"दादाजी," भैयांनी बायांना फोटो दाखवला. "छोटी लाइन पर गार्ड थे. धमतरी वाली. एक बार अभनपुर के आगे गाड़ी बंद पड़ गई, बारिश, और गाड़ी में पूरी बारात. तो दादाजी उतरे, और दुल्हन को अपनी छतरी में लेकर पैदल अभनपुर तक आए."

ही गोष्ट कुमुदने नरेशला सांगितली होती. खिचडी वाढता वाढता, कधीतरी. छत्री कुठली होती तेही सांगितलं होतं, लाकडी मुठीची, आणि आता भैया म्हणाले, "लकड़ी की मूठ वाली छतरी," आणि मीराबाईने मान डोलावली.

"हव. मोर दाई बतावय."

माझी आई सांगायची. मीराबाईची आई महासमुंदची, तिने हे घर कधी पाहिलं नव्हतं. पण मीराबाईचे डोळे ओले झाले होते. ते खोटे नव्हते.

कुमुद उंबरठ्याच्या बाहेरच उभी होती, त्या अर्ध्या पावलावर. भैयांचं लक्ष गेलं. त्यांनी वाकून तिच्या पायाला हात लावला. कॅमेऱ्याने फोटो घेतला.

"और ये हमारी चाची हैं," ते सगळ्यांना म्हणाले. "नागपुर से आई हैं. हर साल आती हैं, त्योहार पर."

प्रसादाचं पहिलं ताट त्यांनी स्वतःच्या हाताने वाढलं. तिला.

*

ते का आले होते, ते दुसऱ्या दिवशी कळलं. नरेश पडवीत बसला, आंबील प्यायला, वाटी पुसून ठेवली.

"कोणीतरी तक्रार केली, काकू. म्हणे विधायक या पत्त्यावर राहतच नाही, यादीत नाव खोटं आणलं. चौकशी होऊन राहिली. निवडणूक ऑफिसातली एक मॅडम येईन, पाऱ्याले विचारन. तुमालेबी."

"मग मी काय सांगू?"

"हो म्हणा फक्त."

"अन् नाही म्हटलं तं?"

नरेशने तिच्याकडे बघितलं. लहानपणी तो या पडवीत पडून रडत असे, तिने त्याच्या गुडघ्याला हळद लावली होती. त्याच गुडघ्यावर तो आता हात ठेवून बसला होता.

"पट्ट्याची फाइल त्यांच्या टेबलावर हाय, काकू. मले काही बोलायले लावू नका."

कुमुद दिवसभर भांडी घासत राहिली, महालक्ष्म्यांची, एकेक, चिंचेने. हो म्हटलं तर घरात राहता येईल, पण कोण म्हणून? त्याची चाची म्हणून. स्वयंपाकीण म्हणून. नाही म्हटलं तर निदान एकदा तरी मोठ्याने बोललं जाईल की हे घर कुणाचं आहे. सरकारी माणसासमोर, पाऱ्यासमोर. पाऱ्याला तर माहीतच आहे. पारा काही आंधळा नाही.

तिने ठरवलं.

*

अंगणात खुर्च्या टाकल्या. मॅडम चष्मा लावणाऱ्या, शांत, कुणाशी हसणं नाही आणि कुणावर ओरडणं नाही. त्यांच्या डोक्याच्या मागे दोरी होती आणि दोरीवर कुडता. आज तो कुमुदने टाकला नव्हता.

मॅडमनी आधी तिलाच विचारलं. विचारलं हिंदीत, तिने उत्तर दिलं जमेल तसं.

— यहाँ कौन रहता है?

— मी राहते. मीच. भैयाजी इथे राहत नाहीत. कधीच राहिले नाहीत.

नरेशने मोबाइल उलटा केला.

— ये कपड़े किसके हैं?

— त्यांचे.

— कौन धोता है?

— मी धुते.

— कब से?

— त्यांच्या निवडणुकीपासून.

— रोज?

— रोज.

— आप कह रही हैं वो यहाँ रहते नहीं, और आप उनके कपड़े रोज धोती हैं.

— ते घातलेले नसतात. मी कोरेच धुते. लोकांना दिसावं म्हणून.

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. दुष्टपणाने नाही; म्हातारं माणूस काहीतरी भलतंच बोललं की हसू येतं, तसं. कुमुदला स्वतःच्या कानांनी ते वाक्य ऐकू आलं, आणि तिला कळलं की आपण या बाईच्या जागी असतो तर आपणही विश्वास ठेवला नसता.

— किराया?

— घेतलं नाही.

— घर आपके नाम पर है?

— सासऱ्यांच्या. तो फोटो... तिने खोलीकडे बोट दाखवलं. दार उघडं होतं. आत हार घातलेला फोटो होता, खाली उमेंद भैयांची पादत्राणं.

— पिछले साल-भर में आप कितना समय यहाँ रहीं?

तिने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, लेकीचं बाळंतपण होतं. नात आजारी होती. मी येणारच होते.

— पण भैयाजी तर... कुमुद पुन्हा म्हणाली, ते तर कधीच नसतात, बंगल्यावर असतात, विचारा कुणालाही.

मॅडमनी चष्मा काढला. त्यांनी हे अनेकदा समजावलेलं दिसत होतं.

"देखिए, एक बार पते पर नाम चढ़ गया और आदमी विधायक हो गया, तो काम के लिए बाहर रहने से वो बाहर का नहीं हो जाता. ये कानून है. उनका न रहना, न रहना नहीं गिना जाता."

"अन् माझं?"

"आप तो किसी पद पर नहीं हैं."

मग त्या पाऱ्याकडे वळल्या. पारा बोलला. एकामागून एक बोलला, स्पष्ट, न अडखळता. भैया इथेच राहतात. लहानपणापासून. पतंग. कौल. गंजिफ्रॉक. छत्री. कुमुद प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती, कुठे डोळा चुकवतात का, कुठे ओठ थरथरतो का. काही नाही. त्यांना कुणी धाक दाखवल्यासारखं दिसत नव्हतं. त्यांना आठवत होतं.

मारोतीची पाळी आली. तो उठून उभा राहिला, कुमुदकडे बघून नमस्कार केल्यासारखं केलं, आणि म्हणाला, "मॅडम, भैयाजी के दादाजी से मेरे पिताजी की दोस्ती थी." आणि बसला.

शेवटी मॅडमनी पेनाने कुमुदकडे खूण केली. "और ये बाई?"

तेव्हा मीराबाई पुढे आली. तिने कुमुदच्या खांद्यावर हात ठेवला, बाईमाणसाची बाजू घ्यावी तशी.

"ये तो नागपुर में रहती हैं, मैडम. बेटी के पास. बहुत अच्छी हैं. पूजा में आती हैं, तो भैया के सारे काम कर देती हैं. उमर हो गई है, कभी-कभी भूल जाती हैं. इनको कुछ मत कहना."

*

सगळे गेले. खुर्च्या गेल्या. ऊन भिंतीवर चढलं आणि कौलांवरून उतरून गेलं.

कुमुदने पिशवीतून आपलं निळं लुगडं काढलं. धुतलेलंच होतं. तरी पुन्हा बादलीत घातलं, साबण लावला, आपटलं, पिळलं. हात दुखेपर्यंत पिळलं. दोरीवरचा कुडता एका बाजूला सारला आणि लुगडं पूर्ण लांबीने पसरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गल्लीतून दिसेल असं. उलटं केलं. खालच्या कडेला चिमटे. घरातले होते नव्हते तेवढे सगळे चिमटे लावले.

मग आत जाऊन अंगणाकडे तोंड करून बसली. गल्लीतून माणसं जात होती. ज्याचे कपडे वाळतात तो तिथे राहतो. हे न शिकवता कळतं. कळायला हवं. एखादा थांबून बघेल, म्हणेल, अरे, कुमुद काकू आहेत वाटतं घरी. ती त्या एका वाक्याची वाट बघत होती. माणसं कुडत्याकडे बघत होती आणि किंचित मान झुकवून पुढे जात होती.

बसल्या बसल्या तिला झोप लागली.

सकाळी दोरीवर फक्त कुडता होता. ताजा, ओला, थेंब गळत असलेला. कुमुद चपला न घालताच धावत बाहेर आली. लुगडं पायरीवर होतं, फाटकाच्या बाहेरच्या पायरीवर. इस्त्री केलेलं, चौघडी घातलेलं, पाहुणा विसरून गेलेली वस्तू परत द्यावी तसं नीट ठेवलेलं. शेजारी तिची पिशवी. पिशवीवर एक स्टीलचा डबा, अजून गरम. उघडला तर पुऱ्या आणि लोणचं, प्रवासात खराब न होणारं.

मीराबाई आपल्या दारात झाडू घेऊन उभी होती. तिने प्रेमाने विचारलं :

"दीदी, ऑटो बोल दूँ?"